पत्रिकेच्या कडेला छापलेली कार्डं

क्यूएसएल कार्डाबद्दलची माझी मतं बाकीच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींशी फारशी जुळत नाहीत. कारण साधं आहे. मी ही कार्डं आधी छापली, रेडिओवर बोलायला नंतर लागले. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचा छापखाना आहे. सासऱ्यांच्या काळात ट्रेडल होतं, आता ऑफसेट आहे, आणि पोट लग्नपत्रिकांवर चालतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन हौशी रेडिओ ऑपरेटरांचं बोलणं झालं, की ते झाल्याची लेखी पावती एकमेकांना पाठवतात. ते क्यूएसएल कार्ड. साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचं असतं. पुढे कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव, आणि एखादं चित्र. मागे समोरच्याचा कॉलसाइन, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाजात बोललो की टिंब-रेघांच्या मोर्समध्ये, आणि त्याचा सिग्नल मला कसा आला त्याचा रिपोर्ट. आवाजाला ५९ आणि मोर्सला ५९९ म्हणजे उत्तम. हल्ली कान टवकारून ऐकावं लागलं तरी लोक ५९ देऊन मोकळे होतात.

आता छापणारीच्या बाजूने सांगते. पुढची बाजू हवी तेवढी चकचकीत करा, पण मागे लॅमिनेशन नको. गुळगुळीत कागदावर बॉलपेन बसत नाही, आणि बसलं तर अंगठा लागून फिसकटतं. वेळ फिसकटली, वर गिरवली, म्हणजे खाडाखोड झाली. आणि खाडाखोडीचं कार्ड पुरस्कारासाठी कुणी धरत नाही. कागद पातळ असेल तर कार्डं गठ्ठ्याने पोचवणाऱ्या ब्यूरोत कोपरे दुमडतात. फार जाड घेतला तर पोस्टाला जड जातो. २५० जीएसएम पुरे. सोनेरी वर्ख पत्रिकेलाच शोभतो.

आमच्याकडे हे काम आणलं एका काकांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, राहायला राजारामपुरीत. त्यांचं नाव आणि कॉलसाइन इथे लिहीत नाही, माझाही नाही. कॉलसाइनवरून पत्ता सापडतो, आणि माझ्याकडे लोक आधीच फार येतात.

“पाचशे कार्डं पाहिजेत, पण पैसे पाचशे पत्रिकांचे देणार नाही,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मोठ्या शीटवर पत्रिका बसवल्या की कडेला एक पट्टी उरते आणि कटिंगमध्ये वाया जाते. त्या पट्टीत मी त्यांची कार्डं बसवून दिली. मग काय, काकांचं काम कायम लग्नसराईची वाट बघायचं. रंगही पत्रिकेचाच मिळायचा. त्यामुळे त्यांचा एक लॉट कुंकवी, पुढचा मोरपंखी. परदेशातल्या लोकांना वाटत असेल, हा माणूस फार हौसेने रंग बदलतो!

लॉट न्यायला आले की माझ्याच टेबलावर बसून कार्डं भरायचे. एकदा मी विचारलं, बोलणं तर झालं, मग एवढं लिहीत बसायचं कशाला? “ही पावती माझ्यासाठी नाही गं. मी बोललो ते मला माहीत आहे की. त्याचा आवाज इथं पोचला, हे त्याला कोण सांगणार?”

त्यांच्याकडे एक कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं होतं. जॉर्डनचे राजे हुसेन हॅम होते, कॉलसाइन जेवाय१, त्यांचं. राजा कार्ड पाठवतो आणि आपले लोक आळस करतात, ही काकांची कायमची तक्रार. दुसरं लाडकं कार्ड पोर्ट ब्लेअरचं. अंदमान आपल्याच देशात असलं तरी हॅमच्या यादीत तो वेगळा प्रदेश आहे, आणि तिथून रेडिओवर बोलण्याची परवानगी सहजी मिळत नसे. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनने जगभर बोलू लागले, आणि २६ तारखेला त्सुनामी आली. हौसेसाठी नेलेल्या त्याच सेटवरून मग निरोप जाऊ लागले. काकांचं बोलणं त्याच्या आधीचं. “याचा उपयोग काय?” असं कुणी विचारलं, आणि कोल्हापुरात ते सगळेच विचारतात, की काका काही न बोलता हे कार्ड पुढे सरकवायचे.

पुढे मीच परीक्षा दिली. थोडं शास्त्र, थोडे नियम. मोर्सचा धसका होता म्हणून रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणजे बिनमोर्सचा परवाना घेतला. त्यामुळे काकांचा कॉलसाइन व्हीयू२ ने सुरू होणारा आणि माझा व्हीयू३ ने. गच्चीवर चाळीस मीटर बँडची, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या त्या पट्ट्यासाठीची अँटेनाची तार आहे, उलट्या व्ही आकारात, एकेक बाजू दहा मीटरची. आमच्या गल्लीत वीस मीटर तार मोकळी ताणायला जागा कुठली? एक टोक शेजारच्या वहिनींच्या टाकीच्या स्टँडला बांधलंय. त्या बदल्यात त्यांच्या लेकीच्या पत्रिका मी फुकट छापायच्या, असं ठरलंय. लेक अजून कॉलेजात आहे, म्हणजे तार आणखी काही वर्षं सुखरूप.

खरा त्रास खरखरीचा. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, स्वस्तातले चार्जर, सगळे रेडिओत बोलतात. लाईट गेली की बँड एकदम स्वच्छ होतो. मी बॅटरीवर सेट लावते आणि बसते. लाईट गेल्यावर खूश होणारी पेठेत मी एकटीच असेन. वळवाच्या दिवसांत मात्र लांब गडगडलं तरी आधी तार काढून ठेवायची.

कार्ड भरताना घोळ होतो तो वेळेचा. जगभर एकच वेळ लिहायची, यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला बोललात तर कार्डावर आदल्या दिवशीची तारीख आणि २३:३०. शिवाय ५/६ लिहिलं तर आपल्याला ५ जून आणि अमेरिकेतल्याला ६ मे. म्हणून महिना अक्षरात. माझ्या कार्डावर मी तारखेची तीन खणं छापली आहेत आणि मधलं मुद्दाम रुंद ठेवलंय.

चित्रावरून घरात वाद झाला. मुलाला पन्हाळ्याचा तीन दरवाजा हवा होता, मला चप्पल. चप्पल जिंकली. जपानी ऑपरेटर कार्डाच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांच्यापैकी एकाने उत्तराच्या कार्डावर कोपऱ्यात माझी चप्पल पेनने काढली आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मी कापशीच्या चपलेचा फोटो लिफाफ्यात घालून पाठवला.

आता संगणकाचं. अमेरिकेतल्या एआरआरएल या संस्थेचं ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ २००३ पासून आहे. दोघांनी आपापले लॉग, म्हणजे बोलण्याच्या नोंदी, चढवले आणि जुळले, की पुष्टी झाली. डीएक्ससीसी पुरस्कारासाठी शंभर देश-प्रदेश लागतात, त्याला हे चालतं, आणि मीही तेच करते. २०१७ मध्ये एफटी८ नावाची पद्धत आली, त्यात तर संगणकच पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने एकमेकांशी बोलतात. बँड बंद आहे असं वाटावं अशा शांततेतही त्यांचं जमतं. माझा धंदा कागदाचा असूनही सांगते, पुरस्कारासाठी कार्डं पाठवत बसणं आता उगाच खर्चिक आहे. दुर्मिळ बेटावरून बोलून वर कार्डासाठी डॉलर मागणारे तर मला मुळीच पटत नाहीत. पण कुणी कागद मागितला, तर त्याला तो मिळालाच पाहिजे. त्याची पावती आपल्याकडे अडकलेली असते.

काका गेले त्याला काही वर्षं झाली. पण ब्यूरो नावाची व्यवस्था आहे. त्या त्या देशातली हॅमची संस्था आपल्या लोकांची कार्डं गठ्ठ्याने दुसऱ्या देशातल्या संस्थेकडे पाठवते, आणि तिथून ती एकेकाला जातात. स्वस्त आहे, आणि भयंकर सावकाश. बोलणं झाल्यावर दोन-तीन वर्षांनी कार्ड येणं यात कुणाला नवल वाटत नाही. काकांच्या नावाची कार्डं त्यामुळे येतच राहिली. त्यांच्या मुलीने लॉगच्या वह्या माझ्याकडे आणून दिल्या. “ताई, हे तुम्हालाच कळतं, बघा काय ते.” रविवारी दुपारी मी वही आणि गठ्ठा घेऊन बसते. मोरपंखी लॉटमधली कार्डं अजून शिल्लक आहेत, ती भरते, सही तिची.

गेल्या गठ्ठ्यात इटलीचं एक कार्ड आलं. मोर्समधलं बोलणं, वीस मीटर बँडवर. वहीत तो कॉलसाइन नाही. आधीची पानं बघितली, पुढची बघितली. मग त्याच तारखेला, त्याच मिनिटाला एक नोंद दिसली. कॉलसाइन तोच, फक्त शेवटचं अक्षर काकांनी एस लिहिलंय, आणि कार्डावर एच आहे. मोर्समध्ये एस म्हणजे तीन टिंबं, एच म्हणजे चार. चौथं टिंब खरखरीत गेलं असणार.

एका जुन्या हॅमना फोन केला. ते म्हणाले, “लॉगमध्ये नाही म्हणजे नाही. कळवून टाका.” नियमाने त्यांचं बरोबर आहे. पण इटलीवाल्याने काकांना ५७९ दिला असं त्याच्या कार्डावर आहे, आणि काकांच्या वहीत मिळालेल्या रिपोर्टच्या खणात ५७९च आहे. डोळे मिटून ५९९ देणाऱ्यांच्या जगात हा आकडा योगायोगाने जुळत नाही. मी एच लिहून कार्ड भरलं, मुलीची सही घेतली आणि ब्यूरोच्या गठ्ठ्यात टाकलं. वहीतल्या एसला हात लावला नाही.