एक कप मैदा म्हणजे नक्की किती ग्रॅम?

रेसिपीत "२ कप मैदा" असं वाचलं की माझे दोन प्रश्न ठरलेले असतात, कप कुठला आणि भरलाय कसा? कारण अमेरिकन रेसिपीतला कप साधारण २३७ मिलीचा असतो, ऑस्ट्रेलियन रेसिपीतला २५० चा आणि जपानी रेसिपीतला २०० चा. त्यामुळे ग्रॅममध्ये बदलायच्या आधी रेसिपी कुठली आहे ते शोधायचं. बटर "स्टिक"मध्ये दिलं असेल तर ती अमेरिकन हे लगेच कळतं, एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम.

आता भरण्याचं. याबद्दल मला खूप बोलायचंय कारण केक कोरडा होतो, कुकी दगडासारखी होते आणि लोक बिचाऱ्या ओव्हनला दोष देतात. कप थेट मैद्याच्या डब्यात खुपसून भरला की मैदा दाबला जातो, मग त्याच अमेरिकन कपात १४०-१५० ग्रॅम सहज बसतो. तोच मैदा आधी जरा मोकळा करून चमच्याने हलक्या हाताने कपात घातला आणि वरून सुरीच्या पाठीने सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम भरतो. म्हणजे दोन कपांच्या रेसिपीत ४०-५० ग्रॅमचा फरक, आणि कप मात्र दोन्ही वेळा काठोकाठ भरलेला! चाळून भरला तर अजून कमी बसतो, म्हणून मोजून मग चाळायचाय की चाळून मग मोजायचाय हेही नीट वाचायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्याला एकच आकडा लावू नका प्लीज. "एक कप म्हणजे २५० ग्रॅम" असं सरसकट लिहिलेलं दिसतं ना, ते पाण्यापुरतं ठीक आहे आणि तेही मोठ्या कपाला. अमेरिकन कपाने साखर २०० ग्रॅम होते, पिठीसाखर १२० च्या आसपास, बटर २२७, मध ३४० च्या जवळपास आणि कोको पावडर जेमतेम ८५ ते १००. ब्राऊन शुगर दाबून भरायची असते, तशी भरली की २००-२२० होते. आणि फ्लुइड औंस दिसला तर तो २८ ग्रॅमवाला औंस नाही, ते साधारण ३० मिली आहे, द्रव मोजायचं माप.

रेसिपी लिहिणाऱ्याने कुठेतरी ग्रॅम दिले असतील तर तेच घ्यायचे, आपला तक्ता मधे आणायचा नाही. नसतील तर मैद्यासाठी १२५ धरून सुरुवात करायची, पीठ किंवा बॅटर कसं दिसतंय ते बघायचं आणि जमलेला आकडा रेसिपीशेजारीच लिहून ठेवायचा.

चमच्यांची मापं मात्र मी ग्रॅममध्ये बदलत नाही. घरातला काटा बहुतेक एकेक ग्रॅमने पुढे सरकतो, त्यावर अर्धा चमचा सोडा मोजला तर चूक व्हायचीच शक्यता जास्त, तिथे मेजरिंग स्पूनच भरवशाचा. फक्त ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा, एवढं लक्षात ठेवा. मिठाचंही तसंच, बारीक मीठ एक टीस्पून ६ ग्रॅम भरतं पण जाड पापुद्र्यांचं मीठ त्याच्या निम्मंच भरू शकतं, तिथे अदलाबदल करताना जपून.

एकदा वजनावर आलात की रेसिपी अर्धी करणं इतकं सोपं होतं ना! पाऊण कपाचं अर्धं किती हा हिशोबच नको, काट्यावर बाऊल ठेवायचा, शून्य करायचा, मैदा घालायचा, परत शून्य, साखर घालायची. अंडंसुद्धा अर्धं करता येतं, मोठं अंडं सालीशिवाय साधारण ५० ग्रॅम असतं, फेटून त्यातलं २५ घ्यायचं आणि उरलेलं बनवर ब्रशने लावायला ठेवायचं.