कणकुंबीची अमावास्या आणि न दिसणारा वायू

मार्गशीर्ष अमावास्येच्या दुपारी बेळगावहून निघून जांबोटीमार्गे कणकुंबीला पोहोचलो, तेव्हा ऊन कलले होते. जांबोटी सोडल्यावर झाडी रस्त्यावर येते आणि मोबाइलचे नेटवर्क येत-जात राहते. खानापूर तालुक्याच्या या टोकाला येण्याचे कारण एकच होते, ते म्हणजे अंधार. बेळगावात गच्चीवरून हल्ली कृत्तिकाही मोजून घ्याव्या लागतात.

ज्यांच्या घरी उतरलो होतो, ते मामा रात्री आठच्या सुमारास बॅटरी घेऊन खळ्यावर आले आणि माझ्या सांगण्यावरून त्यांनी ती लगेच विझवली. डोक्यावर, थोडी उत्तरेकडे, देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट दिसत होती. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. मी मात्र त्यांना कृत्तिका आणि ब्रह्महृदय यांच्या मधला, रोहिणीच्या उत्तरेचा भाग दाखवला. दुर्बिणीतून तिथे तारे विरळ भासतात. पण ती जागा रिकामी नसून साधारण ४५० प्रकाशवर्षांवरचा, धूळमिश्रित रेणूंचा थंड ढग तिथे पसरला आहे आणि त्यात आजही तारे जन्माला येत आहेत. त्या ढगाचे तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्याही खाली असते.

“दिसत नाही म्हणतासा, मग हाय ते कसं कळतंय?” मामांनी विचारले. या विषयातला नेमका पेच त्यांनी पकडला होता.

तारे ज्या वायूपासून बनतात, तो बहुतांशी रेणुरूप हायड्रोजन असतो. परंतु दोन सारख्या अणूंचा हा रेणू इतक्या थंडीत जवळजवळ काहीच प्रारण सोडत नाही. म्हणून त्याच्या सोबत्याकडून त्याचा माग काढावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू साधारण दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे असतो, पण तो २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर ठळक खूण देतो. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस या शास्त्रज्ञांनी ती मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या दिशेला प्रथम टिपली. कार्बन मोनॉक्साइडवरून हायड्रोजन किती ते काढताना जो गुणक वापरतात, तो सर्वत्र सारखा नसतो. या हिशेबातली सर्वांत कच्ची कडी तीच, असे माझे मत आहे.

बोलता बोलता दुर्बिणीच्या भिंगांवर दव बसले. पंचाने पुसले की दोन मिनिटांत पुन्हा तेच. हवेतल्या ज्या बाष्पाने माझी रात्र अर्धी केली, तेच मिलिमीटर लहरी शोषून घेते. अशा लहरी टिपणाऱ्या ‘आल्मा’ या दुर्बिणीच्या ६६ तबकड्या चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर नेऊन ठेवल्या आहेत, त्या याचसाठी. कणकुंबीच्या पावसात तसली दुर्बीण कोणी उभारणार नाही.

याच खुणेचा माग घेत फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतातल्या दुर्बिणीने दूरच्या भारदस्त दीर्घिकांचा वायू मोजला. खगोलशास्त्रज्ञ टॅकोनी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, विश्व आजच्या वयाच्या साधारण ४० टक्के असताना अशा दीर्घिकांत तारे आणि वायू यांच्या एकत्रित वस्तुमानापैकी सुमारे ३४ टक्के, तर २० टक्के वयाचे असताना सुमारे ४४ टक्के थंड वायू होता. आजच्या मोठ्या सर्पिल दीर्घिकांत हे प्रमाण त्याच्या काही अंशांवर आले आहे. आपली आकाशगंगा वर्षाला एक-दोन सूर्यांइतके तारे घडवते. त्या काळातल्या भारदस्त दीर्घिका वर्षाला शंभराच्या घरात घडवीत. पूर्वी या लगबगीचे श्रेय दीर्घिकांच्या टकरींना सहज दिले जाई. त्या दीर्घिकांपैकी पुष्कळ मात्र स्थिरपणे फिरणाऱ्या, तबकडीसारख्या चपट्या आहेत आणि त्यांच्यापाशी मुळात साठाच मोठा होता.

पण तो साठा खर्चाच्या मानाने फार काळ पुरणारा नव्हता. सकाळी माउलीच्या देवळापाशी मलप्रभेच्या उगमाचे कुंड पाहताना हे पुन्हा आठवले. काठाशी शेवाळ आणि आत हलकेच हलणारे पाणी, एवढेच ते दिसत होते. इथून निघालेली नदी सौंदत्तीच्या कोरड्या मुलखात धरण भरते, ते या कुंडातल्या पाण्यावर नव्हे, तर वाटेत मिळणाऱ्या ओढ्यांवर आणि घाटमाथ्याच्या पावसावर. त्या दीर्घिकांतला रेणुरूप वायूही बाहेरून भर पडली नसती, तर एक अब्ज वर्षांच्या आत-बाहेर संपला असता. प्रत्यक्षात तारेनिर्मितीचा जोर त्याहून कितीतरी जास्त काळ टिकला.

याच प्रश्नाला आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने दुसऱ्या बाजूने हात घातला. मीटरभर लांबीच्या लहरींना बाष्पाची अडचण नसते. तिथल्या तबकड्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या अणुरूप, म्हणजे सुट्या अणूंच्या, हायड्रोजनची सरासरी काढली, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातही उत्तर तसेच निघाले: नवा वायू आला नसता, तर तोही एक-दोन अब्ज वर्षांतच सरला असता.

मामांना हे सांगितले, तेव्हा ते कुंडाच्या पायरीवर बसून पाण्याकडे पाहत होते. “मग तिकडं पाऊस थांबला म्हणायचा,” ते म्हणाले. तो का आणि कसा थांबला, यावर अजून भांडण आहे, असे मी म्हणेपर्यंत बेळगावची गाडी वळणावर दिसू लागली होती.