तुम्ही विचारलंत म्हणून: अर्नाळकरांवर एवढी पत्रं कशाला?

"तुम्ही स्वतः कथा लिहिता, मग नेरुळच्या त्या काकांना बाबूराव अर्नाळकरांवर पत्रं काय लिहीत बसता, आणि तीही पोस्टाने?" साहित्याच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो, परवा नौपाड्यात भाजी घेतानाही आला, म्हणून एकदा नीटच सांगते.

काका जुन्या रहस्यकथा जमवतात. अर्नाळकर म्हणजे झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू या नायकांच्या रहस्यकथा लिहिणारे. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६चा, गेले १९९६ला, आणि मधल्या काळात हजाराच्या वर पुस्तकं. त्यामुळे होतं काय, की सगळ्यांची मिळून एकच रास धरतात आणि "हो, लहानपणी वाचायचो" म्हणून विषय संपवतात. मला हे फार लागतं. कुठल्याही लेखकाचा हात वर्षावर्षाला बदलत जातो, पण आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं हेच माहीत नसेल तर तो बदल दिसणार कसा?

आणि काकांकडच्या कितीतरी प्रतींवर साल छापलेलंच नाही. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांतून फिरलेल्या त्या, कव्हर गेलेलं, बाइंडरने कडा कापलेल्या, आत कसर. तिथे काकांचं डोकं चालतं. किंमत आण्यात असेल तर पुस्तक बहुतेक १९५७च्या आधीचं, कारण त्या वर्षी एप्रिलपासून दशमान नाणी आली. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४च्या मधलं, पुढे 'नये' गळलं. प्रकाशकाच्या पत्त्यात नुसतं 'मुंबई २' की सहा आकडी पिनकोड? पिन १९७२च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. पण पत्ता छापलेलाच हवा, विक्रेत्याचा शिक्का नंतर कधीही बसू शकतो. आणि सगळ्यात कामाची मागच्या पानावरची 'आगामी पुस्तकं'ची जाहिरात, त्यातून कुठलं कशाच्या आधी ते कळतं.

हे फोनवर होत नाही हो, मी करून बघितलंय. फोनवर काका गोष्टच सांगायला लागतात, मी पण रंगते, आणि किंमत-पत्ता राहूनच जातो. पत्र लिहिताना पुस्तक शेजारी उघडं ठेवावं लागतं. "सप्रेम नमस्कार" झालं की काका थेट मुखपृष्ठावर येतात, चित्रकाराची सही, किंमत, पानं, कुठलं पान गायब. मी उलट लिहिते ते लिहिणाऱ्याच्या बाजूने, की पहिल्या प्रकरणात माणसं किती लवकर आणलीत, संवादावर किती ढकललंय, प्रकरण कुठे तोडलंय. त्यांनी क्रम लावून दिला की मला ते सलग वाचता येतं, आणि हा माणूस घाईत लिहितानाही वाचकाला कुठे थांबवायचं ते किती जाणून होता ते दिसतं. माझ्या कथांची प्रकरणं तोडताना मी आता तेच आठवते.

जी. ए. कुलकर्णींची निवडक पत्रं चार खंडांत आली, ती आपण कौतुकाने वाचतो. आमची पत्रं छापायची नाहीयेत, ती पुस्तकांची क्रमवार यादी लावण्यासाठी आहेत, कामाची आहेत.

तुमच्या घरी माळ्यावर अर्नाळकर पडलेले असतील तर रद्दीत देण्याआधी एवढंच करा, किंमत, पत्ता आणि मागच्या जाहिरातीचं पान यांचा फोटो काढून मला पाठवा. कव्हर फाटलं असलं तरी चालेल, मागचं पान मात्र हवं.