मुंडकाराने ठेवलेली मीस

चर्चच्या ऑफिसात तू नेमकं काय करतेस, हे मला पेडण्यातल्या प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी विचारतंच. टायपिंग करते, असं सांगून मोकळी होते. बार्देशातल्या एका गावच्या चर्चमध्ये मी कारकून आहे. पोर्तुगीज पासपोर्टासाठी आजोबांचा बाप्तिस्मा शोधत येणाऱ्यांना दाखले काढून द्यायचे, ठरलेल्या लग्नांची नावं फलकावर लावायची आणि मिसांची, म्हणजे लोक कुणासाठी तरी चर्चमध्ये करवून घेतात त्या प्रार्थनाविधींची, वही सांभाळायची.

या वहीत गावाच्या काळज्या तारीखवार सापडतात. बोटीवर गेलेल्या मुलासाठी, दहावीला बसलेल्या नातीसाठी, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, महिन्यापूर्वी वारलेल्या वडिलांसाठी. कुणीतरी दुसऱ्या कुणासाठी येतं, अर्पण ठेवतं, दिवस मागून घेतं. वही ठेवायलाच लागते, 1983च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, तसं कलम आहे: मीस कुणासाठी, अर्पण किती, मीस झाली की नाही, सगळं नोंदवायचं. एका अर्पणाला एक मीस, आणि धंद्याचा वासही येता कामा नये. सांगायला हे बरं वाटतं. नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, सगळ्यांना रविवारचीच मीस हवी असते, तेव्हा माझ्या टेबलावर होणारी भांडणं त्या कलमं लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन ऐकायला हवीत.

तर, पावसाळा होता, लाइट गेलेली. दारात चपला काढून एक माणूस आत आला. कपाळाला गंध, हातात गळकी छत्री. मी ओळखलं. गावात त्याला कोण ओळखत नाही? भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, मुंडकारीची केस लढवतोय. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. 1975चा कायदा आल्यावर बापाने केलेला अर्ज, बाप वारल्यावर हा पुढे चालवतोय.

"बाय, एक मीस ठेवायची होती."

"कुणासाठी, काका?"

त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून चार घड्या घातलेला कागद. मामलेदाराची नोटीस. प्रतिवादीच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यांच्यासाठी. नाव चुकायला नको. यात बरोबर लिहिलेलं आहे."

प्रतिवादी म्हणजे भाटकार. आठवड्यापूर्वी त्यांना झटका आला होता आणि ते बांबोळीला आयसीयूत होते. नोटिशीवरून अक्षर न् अक्षर नाव उतरवलं आणि उद्देशाच्या रकान्यापाशी थांबले.

"काय लिहू?"

"बरा होऊ दे म्हणून." मग माझ्या तोंडाकडे बघून तोच म्हणाला, "खरं सांगू? म्हातारा गेला तर वारसांची नावं लावावी लागणार. एक लिस्बनला, दोन लंडनला. त्यांना नोटिसा पोचेपर्यंत मीच राहायचा नाही." छत्रीचं पाणी जमिनीवर सांडत होतं, ते त्याने पायाने पुसायचा प्रयत्न केला. "आणि तसा माणूस वाईट नाही. माझ्या बापाला साप डसला तेव्हा ह्यानेच आपल्या गाडीतून म्हापशाला नेला होता."

मी उठून फादरकडे गेले. हिंदूने मीस ठेवण्यात काही अडचण नव्हती. मीस जिवंत-मृत कुणासाठीही अर्पण करता येते, हे मला पाठ आहे. माझी अडचण वेगळी होती. केस लवकर निकालात निघावी म्हणून कुणाच्या आयुष्याची प्रार्थना मागायची, हे बसतं का?

फादर हसले. "मन स्वच्छ धुऊन आलेल्यांचीच मीस घ्यायची म्हटलं, तर तुझी वही कोरी राहील." मग ईयोबाची गोष्ट काढली. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला त्याचे मित्र येऊन सुनावत राहतात, नक्की तुझंच काहीतरी पाप असणार. शेवटी देव त्या मित्रांनाच म्हणतो, माझा सेवक ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील, तेव्हा मी ऐकेन. तो करतो, आणि मग त्याचे दिवस पालटतात. "ईयोबाला त्या वेळी ते मित्र फार आवडत असतील असं तुला वाटतं?" फादर म्हणाले. "गुरुवार संध्याकाळ मोकळी आहे ना? लिही."

अर्पण ते घेत नव्हते. गरिबाकडून काही न घेताही मीस करावी, असंही कलम आहेच. पण "फुकटची लागू पडेल काय?" म्हणून गडी हटून बसला, आणि पैसे टेबलावर ठेवूनच गेला.

गुरुवारी मी मुद्दाम थांबले. सुरुवातीला नाव वाचलं गेलं, ‘एका हितचिंतकाकडून’. तो मागे, दाराशी, हात जोडून उभा. प्रवचनानंतर सगळ्यांच्या वतीने मागायच्या प्रार्थना होतात. कित्येक शतकं मिसेतून नाहीशी झालेली ही प्रथा कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963च्या दस्तऐवजात परत आणायला सांगितली. चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजारी-पीडितांसाठी, गावासाठी. दर मागणीनंतर लोक एका सुरात ‘आमचं मागणं ऐक’ म्हणतात. राज्यकर्त्यांसाठी मागतात हे मला फार आवडतं, एरवी त्यांच्या वाट्याला आपल्या शिव्याच येतात. आजाऱ्यांची पाळी आली तेव्हा पुढच्या बाकावरच्या भाटकाराच्या बहिणीने मान वळवली आणि तिला तो दिसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी बाई दारात हजर.

"हितचिंतक कोण तो?"

"नाव सांगता येत नाही, बाई."

"नको सांगू. हात जोडून उभा राहणारा एकच होता." ती बसली, पाणी मागितलं. "केस मागे घेणार आहे काय?"

"तसं काही बोलले नाहीत."

"मग कशाला?"

मी गप्प. तिने चष्मा काढून पदर नाही म्हणून ड्रेसच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. "भावाने डोळे उघडलेत. माणसं ओळखतो. डावा हात हलत नाही. सांग त्याला." दारापर्यंत जाऊन परत वळली. "आणि पुढची तारीख कधी ते पण विचार. आमचा वकील नीट सांगत नाही."

मी फोन लावला. सगळा निरोप त्याने हूं हूं करत ऐकला.

"तारीख ऑगस्टात. पण मामलेदाराची बदली झालीय, म्हणजे तीही पुढेच जाणार." थोडं थांबून म्हणाला, "डावा म्हणालीस ना? नक्की डावा?"

"डावाच."

"मग सही करता येईल त्याला." फोनवर मागे कोंबडा ओरडत होता. "पुढच्या महिन्यात कुठला दिवस मोकळा आहे बघ गे, बाय."