बाबांना ट्राउट गरवायला न्यायचंय

आई-बाबा जुलैत इकडे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला आले तेव्हापासून बाबांचं एकच चाललंय, तुझी ती नदी कधी दाखवतेस. मालवणहून येताना बॅगेत कोकम, कुळथाचं पीठ आणि लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली गरीची (गळाची) दोरी, शिशासकट. मी ती दोरी बघितली आणि मला भरूनच आलं, कारण लहानपणी कोळंबच्या खाडीवर ह्याच दोरीने ते गरवायचे आणि मी शेजारी सुंगटांची (कोळंबीची) पिशवी धरून बसायचे. त्यांना मी सांगितलं की इथे ही दोरी नाही चालणार, इथली पद्धत वेगळी आहे, पण नेईन नक्की. तर आता नेतेय, ट्राउट मासा धरायला, शुक्रवारी २८ ऑगस्टला, आणि गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीये.

नवशिक्या माणसाला फ्लाय फिशिंगला, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरायला नेणं ह्याबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. मला स्वतःला सहा वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने नेलं होतं, जूनअखेरीस, मोठी नदी, बर्फ वितळून पाणी भरलेलं, दोरीला दोन दोन फ्लाय, वर मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता इंडिकेटर, मधे वजन, आणि सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत उभं राहायचं. दिवसभर मी फक्त गुंता सोडवला. तिने खूप मनापासून नेलं होतं पण ती ट्रिप तिच्या आवडीची होती, माझ्या नाही, आणि त्यानंतर वर्षभर मी रॉडला हात लावला नाही. म्हणून बाबांच्या बाबतीत मी पहिल्यापासून ठरवलं की माझा रॉड गाडीतच ठेवायचा. दोघांनी मासे पकडायचे म्हटलं की शिकवणारा हळूच दहा पावलं पुढे जातो आणि शिकणारा मागे झाडात अडकलेली फ्लाय काढत बसतो, हे मी कितीदा बघितलंय.

आता नदी कुठली. आमच्या इथून जवळची म्हणजे कॅश ला पूडर, सगळे नुसतं पूडर म्हणतात. नाव फ्रेंच आहे, शिकाऱ्यांची टोळी बर्फात अडकली आणि त्यांनी ओझं कमी करायला बंदुकीची दारू काठावर पुरून ठेवली, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. हायवे १४ नदीला चिकटूनच वर जातो, त्यामुळे वयस्कर माणसाला दोन मैल चालवत न्यायची गरज नाही, गाडीतून उतरलं की पाणी. खालच्या भागात उन्हाळ्यात राफ्टिंगवाल्यांची गर्दी असते, म्हणून आपण तासभर वर, रस्टिक गावाच्या पुढे जायचं, तिथे उंची साधारण २२०० मीटर. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, पण महिनाभर १५०० मीटरवर राहून त्यांना सवय झालीये आणि डॉक्टरांनाही विचारून घेतलंय. तरी पाणी भरपूर प्यायचं आणि टोपी काढायची नाही हे आईने त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

ऑगस्टअखेर हा काळ नवशिक्यासाठी मला सगळ्यात चांगला वाटतो. जूनमधे ह्याच नदीत सेकंदाला हजारो घनफूट पाणी असतं, उभं राहायची सोय नाही. आता बर्फाचं पाणी ओसरलेलं, गुडघाभर, तळाचे दगड दिसतात, वेडर्स (पाणी आत न येणारी लांब पँट) लागत नाहीत, पटकन वाळणारी पँट आणि चांगले पकडीचे बूट घातले की झालं. फक्त दगडांवर शेवाळ असतं, म्हणून एक काठी बाबांच्या कमरेला बांधणार आहे. ते म्हणाले मी खाडीत चिखलात उभा राहिलेला माणूस, मला काठी कशाला. खरं आहे, पण चिखलात पाय रुततो आणि इथे घसरतो, काठी राहणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे नाकतोडे. उन्हाळा संपत आला की काठचं गवत सुकतं, त्यात नाकतोडे भरलेले असतात, वाऱ्याने पाण्यात पडतात आणि ट्राउट त्यासाठी टपून बसलेला असतो. मुंग्या, भुंगेही तसेच. बाकी वेळी बारीक बारीक किडे, साबुदाण्यापेक्षा लहान फ्लाय, ती नवशिक्याला पाण्यावर दिसतच नाही. हॉपर म्हणजे फोमचा नाकतोडा मात्र बोटाच्या पेराएवढा, वर रंगीत ठिपका, चष्मा लावणाऱ्या माणसालासुद्धा दिसतो, आणि तो धप्पकन पडला तरी चालतं कारण खरा नाकतोडाही तसाच पडतो. इथले बरेच जण हॉपरच्या खाली दीड-दोन फुटांवर एक बुडणारी निंफ (पाण्यातल्या अळीसारखी फ्लाय) बांधतात, मासे जास्त लागतात हे खरंय. पण मी बांधणार नाही. एकच फ्लाय, साडेसात फुटांचा लीडर (जाड दोरीच्या टोकाला बांधायचा बारीक धागा), बस. गुंता कमी झाला तर माणूस नदीकडे बघतो.

धोके दोन, आणि दोन्ही दुपारचे. एक म्हणजे गरम पाणी. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि ट्राउट हा थंड पाण्याचा मासा, २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की झुंज देऊन दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. वर डोंगरात सहसा तेवढं तापत नाही पण मी थर्मामीटर नेतेच, आणि १९ दाखवलं तरी आपण थांबायचं. दुसरा धोका विजांचा. इथे जुलै-ऑगस्टमधे सकाळी निळंशार आकाश आणि एक-दीडला काळे ढग हे जवळजवळ रोजचं आहे, आणि हातात नऊ फुटी ग्रॅफाइटचा रॉड, ज्यातून वीज आरामात जाते. म्हणून वेळापत्रक साधं आहे, पावणेसहाला घर सोडायचं, साडेसातला चहा काठावर, आठ ते साडेबारा मासेमारी, मग डबा आणि परत. नाकतोडे ऊन चढल्यावर दहाच्या सुमाराला उड्या मारायला लागतात, त्यामुळे पहिले दोन तास बाबांना फक्त हात बसवायला आणि पाणी बघायला मिळतील.

अजून एक, ह्या खोऱ्यात २०२० साली कॅमरन पीकचा वणवा लागला होता, दोन लाख एकरांवर जंगल जळलं, कोलोरॅडोच्या नोंदीतला सगळ्यात मोठा. अजूनही वरच्या जळलेल्या उतारांवर जोराचा पाऊस झाला की राख आणि माती नदीत येते, पाणी चहासारखं होतं, कधी अचानक लोंढाही येतो. त्यामुळे गुरुवारी रात्री पावसाचा रडार बघायचा, आणि पाणी गढूळ असेल तर हट्ट न करता रस्टिकवरून वर कच्च्या रस्त्याने रेड फेदर लेक्सला जायचं, तिथल्या डाउडी लेकमधे रेनबो ट्राउट सोडलेले असतात. तळं आहे, मजा नदीची नाही, पण दिवस वाया जाणार नाही.

लायसन्स बाबांनाही लागतं, इथे १६ वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतं, बाहेरच्यांसाठी एक दिवसाचं मिळतं. प्रिंट काढून खिशात ठेवायचं कारण खोऱ्यात फोनला रेंज नाही. आणि आपण जाणार त्याच्या आसपास काही टप्पे असे आहेत जिथे आमिष चालत नाही, फक्त नकली फ्लाय किंवा ल्यूर (नकली मासोळी). हे ऐकून बाबा म्हणाले, सुंगट लावल्याशिवाय मासा येतो? मग मी त्यांना फ्लायचा डबा दाखवला. हरणाचे केस, कोंबड्याची पिसं, दोरा, एवढ्यावर केलेली मुंगी त्यांनी उन्हात धरून पाच मिनिटं बघितली.

प्रॅक्टिस गेल्या रविवारी केली, घरामागच्या पार्कात, हूकच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून. सगळ्यात अवघड हेच समजावणं असतं की आपण फ्लाय फेकत नाही, दोरी फेकतो. गरीत शिसं जड, ते दोरीला ओढत नेतं. इथे फ्लायला वजनच नाही, जाड पिवळी दोरी जड असते आणि फ्लाय तिच्यामागे जाते. मी हे तीन प्रकारे सांगायची तयारी केली होती, पण बाबा पहिल्यांदाच म्हणाले, "म्हणजे दोरीच शिसा!" संपलं. पुढचं, रॉड मागे नेल्यावर थांबायचं, दोरी मागे सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे, ह्यात सगळे घाई करतात. बाबांनीही केली, दोरी चाबकासारखी वाजली. मग ते स्वतःच म्हणाले की पाग फेकताना पण जाळं उघडायला वेळ द्यावा लागतो. चाळीस वर्षं पाग फेकलेल्या माणसाला तो वेळ अंगात माहितीये, मला फक्त मनगट ताठ ठेवा एवढंच सांगावं लागलं. तासाभरात पंचवीस फूट व्यवस्थित जायला लागली, आणि ह्या नदीला त्याहून जास्त लागतही नाही.

एक सवय मात्र मोडावी लागणार. गरीत मासा बोटाला कळतो, दोरी तर्जनीवर धरायची आणि ठोका लागला की जोरात हिसका. इथे मासा डोळ्याला कळतो, नाकतोडा गप्पकन नाहीसा होतो, आणि तेव्हा रॉड नुसता वर उचलायचा, हिसका दिला तर बारीक टिपेट (फ्लाय बांधलेलं धाग्याचं टोक) तुटतं. मी त्यांना म्हटलं दोरी बोटाखाली धरायचीच आहे, ते तुमचं बरोबर, फक्त बोटावर विश्वास ठेवू नका. त्यांना हे पटलेलं नाही असं मला वाटतं. पहिले एक-दोन मासे जातील, जाऊ देत.

पाणी वाचायला मी शिकवणार नाहीये. मी त्यांना फोनवर नदीचे फोटो दाखवले आणि विचारलं मासा कुठे असेल, तर त्यांनी मोठ्या धोंड्यामागची संथ जागा दाखवली, मग जिथे वेगाचं आणि हळू पाणी एकमेकांना घासतं ती रेष, मग काठाच्या गवताखालची सावली. तीनही बरोबर. भरती-ओहोटीत आयुष्य गेलंय त्यांचं, खाऊ कुठून वाहत येतं आणि मासा दमायला नको म्हणून कुठे उभा राहतो हे खाडीत काय आणि डोंगरात काय सारखंच. नवशिका म्हणजे सगळ्यातच नवशिका असं धरून चालणाऱ्या शिकवणाऱ्यांचा मला राग येतो. फक्त इथे पाणी काचेसारखं आहे, म्हणून वाकून, खालच्या बाजूने वर जायचं आणि सावली पाण्यावर पाडायची नाही, हे सांगितलं. त्यांचा पांढरा शर्ट पण बदलायला लावलाय.

आणि मग तो प्रश्न आला. मासा ओल्या हाताने धरायचा, पाण्याबाहेर काढायचा नाही, हूक काढून सोडून द्यायचा असं मी सांगत होते तर बाबा थांबले. "धरून परत सोडूचो? मगे धरूचो कित्याक?" माझ्याकडे ह्याचं तयार उत्तर नव्हतं आणि मला ते उगाच बनवायचंही नव्हतं. ज्यांच्या घरात मासा पकडणं म्हणजे संध्याकाळची आमटी होती त्यांना खेळ म्हणून मासा पकडणं विचित्र वाटणारच, त्यांचं काही चुकत नाही. मी एवढंच म्हटलं की ह्या राज्यात दिवसाला चार ट्राउट ठेवता येतात, पण जास्त लोक धरतात आणि नदी लहान आहे, सगळ्यांनी ठेवले तर पुढच्या वर्षी उरणार नाहीत. त्यांनी मान हलवली. मे संपला की दोन महिने यांत्रिक बोटी बंद असतात ना आपल्याकडे, १ जून ते ३१ जुलै, तो हिशोब त्यांना लगेच समजतो. वर मी हेही सांगितलं की पूडरमधे सगळ्यात जास्त सापडणारा ब्राउन ट्राउट मूळचा इथला नाहीच, युरोपातून १८८०च्या दशकात अमेरिकेत आला, आणि रेनबो पॅसिफिकच्या बाजूचा. इथला खरा मासा कटथ्रोट, जबड्याखाली लाल रेघ असलेला, तो आता वरच्या थोड्याच ओढ्यांत उरलाय. तो लागला तर ताबडतोब सोडायचा, ह्यावर चर्चा नाही.

हे सगळं चालू असताना आई आतून आली. "श्रावणात मासे धरूक जातास?" कारण यंदा अधिक महिन्यामुळे श्रावण उशिरा आलाय आणि बाबा पूर्ण श्रावण पाळतात, घरात अंडंसुद्धा नाही. मी तारीख ठरवताना फक्त पाणी, नाकतोडे आणि गर्दी बघितली होती, पंचांग बघितलंच नव्हतं. बाबा लगेच म्हणाले, "मी खंय खातंय, सोडतलंय ना." जो माणूस दोन मिनिटांपूर्वी सोडायचा कशाला विचारत होता तोच. मग आईनेच कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, २८ ला नारळी पौर्णिमा आहे.

आमच्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोणी नव्या हंगामाचं नाव काढत नाही, त्यामुळे तारीख आता बदलणं शक्यच नाही, आईपण येतेय, तिच्यासाठी खुर्ची घेतलीये. नारळ नदीत सोडायचा का ह्यावर थोडं बोलणं झालं. मी म्हटलं इथल्या नदीत आपण काही टाकायचं नाही, मासे सोडून. बाबांनीच तोडगा काढला, नारळ पाण्याला दाखवायचा, काठावर फोडायचा, पाणी तिघांनी प्यायचं आणि खोबरं-करवंट्या घरी. दुपारच्या डब्याला नारळीभात.

आज रात्री बसून सगळ्या हूकचे काटे पक्कडीने दाबून टाकले, म्हणजे माशालाही त्रास कमी आणि कानाला लागला तर आपल्यालाही. बूट घासून वाळत घातलेत, एका नदीतला चिखल दुसरीत नेला तर रोग आणि नको ते जीव पसरतात म्हणून हे दर वेळी करते. बाबांना सहा फ्लाय निवडायला सांगितल्या, त्यांनी तीन हॉपर, दोन मुंग्या आणि एक एल्क हेअर कॅडिस (केसांच्या पंखांची, पतंगासारखी फ्लाय) उचलली, आणि हळूच त्यांच्या गरीची दोरीही माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सरकवली. वापरणार नाही म्हणाले, नुसती असू दे. असू दे. लायसन्सची प्रिंट उद्या ऑफिसमधे काढते. इंडियन स्टोअरमधून नारळ अजून आणायचाय, शेंडीवाला मिळतोय का बघायला हवं.