नागासाकी: फुकुओकात शिकणाऱ्या वसईकरांसाठी

फुकुओकात शिकायला आल्यापासून घरच्यांचा एकच तगादा होता, "नागासाकीला जाऊन आलीस का?" नागासाकीत क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. आई वसईची, वडील पोर्तुगीज. गास गावच्या चर्चला त्यांचं नाव आणि वसईतल्या कॉलेजलाही. आम्हाला तर हे नाव आधी कॉलेज म्हणून कळतं, संत म्हणून नंतर.

हाकाता स्टेशनहून रिले कामोमे ही ट्रेन पकडा. ताकेओ-ओन्सेनला समोरच्याच फलाटावर शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) उभी असते. एकूण दीड तास. खिसा हलका असेल तर हायवे बस घ्या, तासभर जास्त लागतो.

निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांवर आहे, थोडा चढ आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने इथे २६ ख्रिस्त्यांना क्रूसावर मारलं, त्यांत गोन्सालोही होते. त्याआधी क्योतोपासून इथवर त्यांना ऐन थंडीत चालवत आणलं होतं. शिल्पकार फुनाकोशींनी १९६२ मध्ये केलेल्या शिल्पात सव्वीसही जण ओळीने आहेत, पण क्रूस कुठेच नाही. हात जोडलेले, पावलं खाली लोंबणारी. मध्येच तीन आकृत्या बुटक्या दिसतात. ती मुलं, त्यांतला सर्वांत लहान बारा वर्षांचा.

मी आपली "आमचा संत" शोधत गेले होते. पण सव्वीसपैकी वीस जण जपानी. गोन्सालो आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर. जपानी उत्तम यायचं म्हणून धर्मगुरूंचे दुभाषी. (व्याकरणाशी रोज झटापट करणाऱ्या मला हे फार जवळचं वाटलं.) वसईत पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्यामुळे ख्रिस्ती होणं म्हणजे सत्तेच्या बाजूला असणं. इथे त्याच धर्मासाठी जीव जायचा. हा विषय आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी कुणी काढला नाही, काढायला हवा होता.

शेजारच्या संग्रहालयाला किमान तासभर द्या. तिथल्या मारिया कान्नोनच्या मूर्ती बघा: बाहेरच्यांसाठी बौद्ध देवी, घरच्यांसाठी मरियामाता. धर्मावर बंदी असताना अशा आडोशाने लोकांनी दोन-अडीचशे वर्षं, एकही फादर नसताना, श्रद्धा टिकवली. १८६५ च्या मार्चमध्ये उराकामीचे काही गावकरी ओउराच्या नव्या चर्चमध्ये आले आणि फ्रेंच फादरांना हळूच म्हणाले की आमचीही श्रद्धा तुमचीच. ते चर्च आजही उभं आहे. स्टेशनवरून १ नंबरची ट्राम, शिंची चायनाटाउनला बदलून ५ नंबरची. तिकीट आहे आणि आत फोटो काढता येत नाहीत. पर्यटकांची रांग सरकत असते, निवांत प्रार्थनेची अपेक्षा ठेवू नका.

प्रार्थनेसाठी उराकामीला जा. ट्रामने हेइवा कोएनला उतरून दहाएक मिनिटं चाला. ज्या मुखियाच्या घरी ख्रिस्त्यांना धर्म सोडल्याची खूण म्हणून पवित्र चित्रांवर पाय द्यायला लावत, ती जागा विकत घेऊन गावकऱ्यांनी तिथेच कॅथेड्रल बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब जवळच फुटला. आत पापनिवेदन चालू होतं, कुणीही वाचलं नाही. आजची इमारत १९५९ ची. ढिगाऱ्यात सापडलेलं मरियामातेचं लाकडी मस्तक आत ठेवलंय: गाल करपलेला, डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी. मी तिथे रोझरी (जपमाळ) काढली, पण एक गूढही (दहा मण्यांचा एक टप्पा) पुरं होईना.

रविवारची मिस्सा जपानीतच असते. क्रम आपलाच, त्यामुळे अडत नाही. डोक्यावर पांढरी जाळी घेतलेल्या आज्या पुस्तकातलं पान बोटाने दाखवतात. मिस्सेच्या वेळी कॅमेरा बॅगेत ठेवा. आणि पाच फेब्रुवारीच्या आसपासच्या रविवारी निशिझाकावर उघड्यावर मिस्सा होते, ती साधायची असेल तर तारीख आधी विचारून घ्या आणि जाड मोजे घाला. वसईच्या थंडीचा अनुभव तिथे कामाला येत नाही.