परातीतली लावणी

रविवार, रात्री साडेदहा

पोळ्या आज साडेनऊला झाल्या. मळलेली कणीक तासभर परातीत तशीच पडून होती आणि भुकेची आठवण कुणालाच नव्हती. आम्ही चौघं टेबलाभोवती बसून रजेत काय काय करायचं ते ठरवत होतो.

रजा आता नक्की झाली. नवऱ्याला कंपनीतून तीन महिन्यांची सबॅटिकल मिळाली, बिनपगारी. माझी अर्जित रजा भरपूर साठलेली आहे. २० एप्रिल ते १९ जुलै, मोजून एक्क्याण्णव दिवस. लग्नाला सोळा वर्षं झाली, एवढे दिवस सलग एकत्र आम्ही कधीच राहिलेलो नाही. कोविडमध्ये घरात होतो खरे, पण दोन खोल्यांत दोन लॅपटॉप आणि तिसऱ्या खोलीत लेकीची शाळा. खर्चाचा हिशेब मी चार महिन्यांपूर्वीच मांडून ठेवलाय, तो जमतोय.

नवऱ्याच्या मनात किती तरी वर्षं नर्मदा परिक्रमा आहे. पायी, दोन्ही तीर धरून अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल. नेमाने करणारे तिला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस देतात, आणि चातुर्मासात एका जागी थांबतात. आमच्या हातात तीन महिने, तेही भर उन्हाळ्यातले. त्यानेच मग वहीत तिच्यापुढे 'निवृत्तीनंतर' असं लिहिलं. ते लिहिताना त्याचा चेहरा बघवला नाही मला. वारीचा पुणे ते सासवड हा टप्पा तरी चालायचाच, एवढं मात्र त्याने सोडलं नाही. तीसेक किलोमीटर, वाटेत दिवेघाट. लेकीला कोकण रेल्वेने रोह्यापासून पार शेवटपर्यंत जायचंय आणि आवडेल त्या स्टेशनावर उतरून चित्रं काढायची आहेत. तो आठवडा मे महिन्यात सहज बसतो.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, इतका वेळ कोथिंबीर निवडत होत्या. लेकीनेच विचारलं, "आजी, तुला कुठे जायचंय?"

"मला लावणीला जायचंय," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर मुळशीत, धरणाच्या वरच्या अंगाला. १९२१ साली तिथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते, लोक तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झालंच. आईंच्या आजोबांची खालची सगळी भातखाचरं पाण्याखाली गेली. चढावरची चार राहिली, ती आता त्यांचा धाकटा भाऊ कसतो. तीनांत इंद्रायणी आणि एकात, घरच्यापुरता, आंबेमोहोर. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उतारही कमी देतो, म्हणून लोकांनी तो कमी केला. पण तो शिजत असला की आंब्याचा मोहोर फुलल्यासारखा वास दारापर्यंत येतो. आमच्याकडे दिवाळीनंतर मामांची एक गोणी येते. तेवढाच माझा मुळशीशी संबंध, आणि आज त्याची लाज वाटली.

लेकीने विचारलं, लावणी म्हणजे नेमकं काय करायचं असतं? आईंनी परात पुढे ओढली. डाव्या हातात कोथिंबिरीची जुडी धरली. उजव्या हाताने दोन-तीन काड्या वेगळ्या केल्या, अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरल्या आणि कणकेत रोवल्या. वीतभर मागे, पुन्हा दोन-तीन. "खोल खुपसायचं नाही. नुसतं उभं राहील एवढंच. आणि मागे मागे सरकत जायचं, म्हणजे लावलेलं आपल्या पायाखाली येत नाही." त्या बोलत होत्या आणि बोटं त्यांच्या बोलण्याच्या पुढे धावत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बोटं, सांध्यांशी सुजलेली. सुईत दोरा ओवायला त्या हल्ली मला हाक मारतात. कणकेत मात्र सरळ ओळ उभी राहिली. लेकीची ओळ वाकडी आली, तर आईंनी तिचा हात धरून पुन्हा लावायला लावली.

मे महिन्यात राब भाजायचा, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, पाऊस आला की तिथे बी पेरायचं, रोप हाताला आलं की चिखलणी करून लावणी. म्हणजे जुलैच उजाडतो. नुसतं दोन दिवस जाऊन फोटो काढून यायचं मला नको आहे. राब भाजण्यापासून शेवटच्या खाचरापर्यंत राहायचं, कोकण आणि वारी त्यातूनच उठून करायची. अडचण शाळेची. ती १५ जूनला उघडते, म्हणजे महिनाभर बुडणार. सहावीतला एक महिना घरी भरून काढता येईल, आजीबरोबरचा हा महिना पुन्हा कुठून आणू? उद्या बाईंना भेटून हेच सांगणार आहे.

जेवणं झाल्यावर आईंनी मामांना फोन लावला. एवढ्या मोठ्याने त्या कधी बोलत नाहीत.

"मागची पडवी अजून गळते का रे?"

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. आई म्हणाल्या, "कोपऱ्यातच ना? मग त्याखाली घमेलं ठेवू."